स्वीटकॉर्नचं पाव किलो बियाणं, दोन पेरण्या आणि एक गोणपाट

जानेवारीत मी या बियाण्याला एक तारा दिला होता आणि सोबत जे लिहिलं होतं ते आता माझं मलाच वाचवत नाही. "पोचट बी, मेलेलं बी, पैसे पाण्यात." आज मे महिन्याच्या मध्यावर तो एक तारा मागे घेऊन चार देतेय. चार बियाण्याला. पाकिटावरच्या मजकुराला एकच. दुकानदाराचं खाली बघू. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण झालेल्या घोळात निम्मा दोष माझा आहे.

आमचं रान ओतूरच्या पुढे, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला. जमीन मध्यम काळी, ठिबक आहे. कांदा-टोमॅटोचं मोठं रान यांच्याकडे आणि घरामागचे पाच गुंठे माझ्याकडे, म्हणजे तिथे काय लावायचं यात कुणी तोंड घालत नाही. पावसाळ्यात रस्त्याला भाजलेल्या कणसांच्या गाड्या लागतात, पण उन्हाळी सुट्टीत गाड्या घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना उकडलेलं, लोणी-लिंबू लावलेलं स्वीटकॉर्न हवं असतं. एप्रिलमध्ये फाटकाशी टेबल टाकून विकायचं, असा माझा बेत होता. म्हणून डिसेंबरात लावणी.

दुकानातून पाव किलोचं पाकीट आणलं. घरी फोडून ताटात ओतलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर पोचट बी आहे. परत करून ये." खरंच तसं दिसत होतं. गुलाबी औषध चोळलेले चपटे, सुरकुतलेले दाणे, दोन्ही बाजूंनी खोक पडलेले, जणू आतलं पीठ कुणी काढून घेतलंय. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर १०० दाणे मोजून टाकले. भरले १२ ग्रॅम. घरातल्या गावरान मक्याचे १०० दाणे टाकले तर २८. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, स्वीटकॉर्न असंच असतं. पेरा बिनघोर. मका आहे ती, दगडावर टाकली तरी उगवते."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. शेवटच्या वाक्याने माझा घात केला.

२७ डिसेंबरला मी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट मी सवयीने केली आणि प्रत्येक चुकली. आदल्या संध्याकाळी ८०० दाणे पातेल्यात भिजत घातले, मटकी घालतो तसे. सकाळी पाणी गुलाबाच्या सरबतासारखं झालं होतं. म्हणजे बियाण्याला चोळलेलं बुरशीनाशक सगळं पाण्यात उतरलं होतं आणि ते पाणी मी जास्वंदीच्या बुडात ओतलं. (कोंबड्या तिकडे धावल्या तेव्हा कुठे पाकिटावरची "विषारी, खाण्यासाठी वापरू नये" ही ओळ आठवली. हाकलल्या.) दाणे फुगून दुप्पट झालेले, टम्म. बरं वाटलं. मग एका गुंठ्यात सऱ्यांवर टोकले, तेही बोटाचं दीड पेर खोल, "थंडी आहे, जरा खाली जाऊ दे" म्हणून. आणि वर ठिबक चालू केलं ते दुपारच्या जेवणापर्यंत. ओलं बी, ओली माती, वर पाणी. रात्री आमच्याकडे अशी थंडी की पहाटे गोठ्यात म्हशींच्या अंगावरून वाफ निघताना दिसते.

आठ दिवस काहीच नाही. दहाव्या दिवशी दोन-चार पोपटी टोकं दिसली. १० जानेवारीला, म्हणजे चौदाव्या दिवशी, सऱ्यांमधून फिरत मोजणी केली. ८०० पैकी २१०.

बाकीच्यांचं काय झालं म्हणून एका जागी माती उकरली. बी बोटात घेतलं तर ते बी राहिलंच नव्हतं. साल शाबूत, आत पांढरट लगदा, दाबल्यावर ताकात भिजलेल्या पोह्यासारखा पचकन बाहेर आला. वास आंबूस. दुसऱ्या ठिकाणी कोंब फुटलेला होता, पण तो वर येण्याऐवजी मातीतच गुंडाळी होऊन बसला होता, वरच्या खपलीला डोकं टेकवून. तिसऱ्या ठिकाणी बुरशीची निळसर लव. चौथं उकरलं नाही. घरात जाऊन तो एक तारा दिला.

दुकानात गेले. बिल होतं, पाकीट होतं. आमच्याकडे सोयाबीनच्या वेळी कृषी खातं दरवर्षी घसा कोरडा करून सांगतं की पिशवी वरून फोडू नका, खालून फोडा, लेबल शाबूत ठेवा, मूठभर बी आणि बिल जपून ठेवा. तेवढं मी केलेलं. दुकानदाराने लॉट नंबर पाहिला आणि म्हणाला, "या लॉटची कुणाची तक्रार नाही." शेतकऱ्याला हे वाक्य पाठ असतं, मी ऐकून घेतलं. पण त्याने पुढे एक विचारलं, "भिजवलं होतं का?" मी हो म्हटलं. त्याने फक्त मान हलवली. पेरायच्या आधी हाच प्रश्न विचारला असता तर मी त्याला पाच तारे दिले असते.

आमच्या भागातल्या कृषी सहायक ताई घरासमोरून जातात तेव्हा चहाला थांबतात. त्यांना उरलेलं बी दाखवलं. त्या म्हणाल्या, "तक्रार करायची तर करू, पण आधी गोणपाट घ्या." आणि मला माझीच लाज वाटली. सोयाबीनची उगवण चाचणी मी तीन वर्षं करतेय, शेजारणींना शिकवलीय, पण मक्याला करायची असते हे डोक्यातच आलं नाही. विकतचं बी होतं ना!

गोणपाटाचा तुकडा धुऊन, पिळून घेतला. निथळता नको, हाताला गार लागेल इतपतच ओला. त्यावर ५० दाणे, प्रत्येकात दोन बोटं अंतर, वरून तसाच दुसरा तुकडा, आणि पोळीसारखी सैल गुंडाळी. जानेवारीची थंडी असल्याने ती गुंडाळी चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवली, जिथे दह्याचं भांडं ठेवतो. तिथे ऊब टिकते. रोज संध्याकाळी हाताने पाण्याचा हबका. चौथ्या दिवशी उघडून पाहिलं तर ३३ दाण्यांना मुळ्या आणि कोंब. सातव्या दिवशी ४१. म्हणजे ८२ टक्के. लेबलवर किमान ८० लिहिलेलं होतं.

बी खोटं नव्हतं. मी गोणपाट सासूबाईंना दाखवायला नेलं. त्या बराच वेळ त्या पांढऱ्या मुळ्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग आपल्या रानात काय झालं याला?"

ते ताईंनी सांगितलं, आणि नंतर मी थोडं वाचलंही. आपण हल्ली जे खूप गोड स्वीटकॉर्न खातो, ते बहुतेक "सुपरस्वीट" जातीचं असतं. मक्याच्या एका जनुकात असा बदल असतो की दाण्यात साखरेचं पिठात रूपांतर होण्याचं काम जवळपास अडतं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉघनन या शास्त्रज्ञाने असे सुरकुतलेले दाणे चाखले आणि त्यांची गोडी त्याच्या लक्षात आली, तिथून हे सुरू झालं. त्या जनुकाचं नावच मुळी "आक्रसलेला" या अर्थाचं आहे. साखर पाण्यात विरघळलेली असते, दाणा वाळला की पाणी जातं आणि पीठ नसल्याने दाणा आत बसतो. म्हणून ते १२ ग्रॅम.

आता पीठ म्हणजे कोंबाची शिदोरी. गावरान मक्याचा कोंब भाकरीचं गाठोडं घेऊन निघतो, तो चार दिवस जास्त चालला तरी पोचतो. याच्याकडे चिमूटभर साखर. त्यामुळे खोल टोकलं की तो वाटेतच थकतो, माझ्या रानात गुंडाळी होऊन पडला तसा. दुसरं म्हणजे, साखर पाणी भराभर ओढते. सुकं बी एकदम भरपूर पाण्यात पडलं की आतल्या पेशींचे पडदे फाटतात, साखर बाहेर गळते आणि मातीतल्या बुरशीला आयतं जेवण मिळतं. माझे टम्म फुगलेले दाणे बघून मला जे बरं वाटलं होतं, ते नेमकं हे होतं. आणि तिसरं थंडी. साधा मका १० अंशाच्या पुढे हळूहळू का होईना उगवतो. याला मातीच १६ ते १८ अंशांच्या वर हवी, आणि विशीच्या पुढे गेली तर उत्तम. घरातलं दह्याचं तापमापक मी सकाळी आठ वाजता तीन बोटं मातीत खोचून पाहिलं. जानेवारीच्या त्या आठवड्यात १४ अंश.

यातलं एक अक्षर पाकिटावर नव्हतं. एक तारा त्यासाठी. पाकिटावर मोठं, चकचकीत, पिवळंजर्द कणीस छापलंय. मागे बारीक अक्षरात इंग्रजी आणि हिंदी, त्यात अंतर आणि खताचं प्रमाण. बी भिजवू नका, ही तीन शब्दांची ओळ मराठीत टाकायला किती शाई लागते? उलट, हेच पाकीट ज्या ऑनलाइन दुकानात मिळतं तिथे "१२ तास भिजवून लावा" असा सल्ला छापलेला मी स्वतः पाहिला. मटकीचा सल्ला मक्याला.

दुसरी पेरणी १३ फेब्रुवारीला केली. तापमापक सकाळी १९ अंश दाखवत होतं. यावेळी रान आधी भिजवलं, दोन दिवस थांबले आणि वाफशावर पेरलं. वाफसा म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला या बियाण्याचं निम्मं शास्त्र आपोआप कळलं. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, आणि गोळा गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडला की फुटावा. चिकटला तर अजून ओल जास्त आहे. भुगा झाला तर उशीर झाला. अशा मातीत बियाला पाणी हळूहळू मिळतं, आणि मातीच्या कणांमधल्या हवेला जागा राहते. बी सुकं, गुलाबी औषधासकट. खोली बोटाचं एक पेर, त्याहून जास्त नाही. वरून मातीच्या ऐवजी चाळलेलं जुनं शेणखत पसरलं, कारण आमची काळी माती पाणी बसलं की खपली धरते आणि हा अशक्त कोंब ती फोडू शकत नाही. अंतर दोन सऱ्यांत दोन फूट, दोन दाण्यांत एक वीत.

आणि मग सगळ्यात अवघड काम, पाणी न देणं. ठिबकच्या नळाकडे हात जायचा आणि मी परत यायची. पाच दिवस पाणी दिलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी सूर्य तिरपा असताना सरीच्या तोंडाशी बसून पाहिलं तर शेणखताच्या काळ्या पट्टीतून सुईसारखी पोपटी टोकं, ओळीने. मग हलकं आंबवणीचं पाणी दिलं, पंधरा मिनिटं. नवव्या दिवशी मोजलं. ८०० पैकी ६४०.

पेरणीच्याच दिवशी ९८ कप्प्यांच्या दोन ट्रेमध्ये कोकोपीट भरून १९६ दाणे लावले होते, नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा भरायला. ट्रे गोठ्यात ठेवले, जनावरांच्या उबेला. त्यातले १७६ उगवले, सगळ्यात चांगली उगवण तिथेच. नांगी भरायला नंतर पुन्हा बी टोकलं तर ते रोप मागे पडतं, शेजारचे त्याला सावलीत घेतात आणि त्याचा तुरा बाकीच्यांबरोबर येत नाही. त्यापेक्षा त्याच दिवशीचं, त्याच वयाचं रोप दहाव्या दिवशी मुळाच्या गड्ड्यासकट नेऊन लावलं तर कळतही नाही. दोन आठवड्यांच्या पुढे मात्र ट्रेमध्ये ठेवू नका, मक्याच्या मुळांना ते आवडत नाही. ज्यांच्याकडे दोन-चार गुंठेच आहेत किंवा गच्चीवर कुंड्या आहेत, त्यांनी सरळ सगळंच ट्रेमध्ये करावं असं माझं मत झालंय. पाव किलोत अंदाजे दोन हजार दाणे येतात आणि दाणा स्वस्त नाही.

राखण मात्र करावी लागते. पहिल्या तीन दिवसांत मुंग्यांनी एका सरीतले दाणे हलवले, उगवल्यावर साळुंक्यांनी कोंब उपटून खालचा दाणा खाल्ला. जुनी साडी फाडून पट्ट्या बांधल्या, चार दिवस उपयोग झाला, मग साळुंक्या त्याच पट्ट्यांवर बसू लागल्या. पुढे अमेरिकन लष्करी अळी आली. २०१८ साली ती देशात शिरली तेव्हापासून मका लावायचा म्हणजे पोंग्यात, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, डोकावणं आलंच.

डिसेंबरच्या पेरणीचं पण सांगायला हवं. २१० झाडं वाढली, पण अशी विखुरलेली की एकाचा पराग दुसऱ्याच्या जटांवर, म्हणजे कणसाच्या केसांवर पडेना. मका वाऱ्यावर फळतो, त्याला गर्दी लागते. मार्चअखेर कणसं सोलली तर निम्मे दाणे गायब, दात पडलेल्या आजोबांसारखी. म्हशींना घातली. म्हणजे खराब उगवणीचा तोटा फक्त गेलेल्या बियांपुरता नसतो, जे उगवलं तेही फळत नाही.

फेब्रुवारीच्या रानात भीती वेगळीच होती. शेजारच्या काकांनी बांधापलीकडे जनावरांसाठी आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका लावलाय. त्याचा पराग आपल्या जटांवर पडला तर त्याच हंगामात आपले दाणे पिठूळ होतात, पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही. काकांना तसं सांगितलं तर म्हणाले, "पोरी, तुझ्या मक्याला माझ्या मक्याची नजर लागते होय!" त्यांचा चारा तुऱ्यावर यायच्या आत कापायचं ठरलं, आणि त्यांनी कापलाही. बदल्यात वीस कणसं.

कणसं मेच्या पहिल्या आठवड्यात तयार झाली. जटा वाळून तपकिरी झाल्या, दाण्याला नख लावलं की दुधासारखा चीक उडायचा. पहिलं कणीस रानातच कच्चं खाल्लं, आणि चार तारे तिथे दिले. फाटकाशी टेबल टाकून चार शनिवार-रविवार विकणार होते, दोनातच संपली. सासूबाईंचं मत मात्र वेगळं पडलं. त्यांनी एक निखाऱ्यावर भाजलं, दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "गोड आहे बाई, पण हे भाजायचं कणीस नव्हे. चावायला काही लागतच नाही." बरोबर आहे त्यांचं. भाजायला गावरानच. हे उकडा, किंवा आमटीत टाका.

दुकानदाराला अडीच तारे. पुढचं पाकीट त्याच्याकडूनच घेतलं, पण या वेळी काउंटरवर उभं राहून लेबल वाचलं: चाचणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख, उगवणीचा टक्का. पहिलं पाकीट त्याने काढून दिलं त्याची मुदत दोन महिन्यांत संपत होती. मी मागचं मागितलं, मिळालं. या बियाण्याचा दम लवकर सरतो, घरातही डबाबंद, गार आणि कोरड्या जागी ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये नको. माझं आता धान्याच्या कोठीखाली आहे.

एक गोष्ट राहिली. सासूबाईंनी सगळ्यात भरलेली चार कणसं मला न विचारता ठेवून घेतली, सालं मागे ओढून वेणी घातली आणि चुलीवरच्या आढ्याला टांगली. बियाला. मी सांगितलं की हे संकरित आहे, याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी कसं निघेल त्याचा भरवसा नाही. "बघू," म्हणाल्या. आज वर मान करून पाहिलं तर त्या भरदार दाण्यांना दोन्ही बाजूंनी खोक पडायला लागलेत. सासूबाई रोज स्टुलावर चढून एखादा दाणा दाबून बघतात.